अमेरिकेतलं वर्कशॉपचं सर्टिफिकेट : फी वसूल होते, पण कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या कुशल कामगारांच्या तुटवड्यावर लेख आला आणि पुढच्याच आठवड्यात त्यावर एका वाचकाचं पत्र. पुतण्या बारावी झाला आहे, त्याला तिकडच्या कम्युनिटी कॉलेजात वेल्डिंग किंवा मशीनिंगचं (यंत्रावर धातू कापून भाग घडवण्याचं) वर्षभराचं सर्टिफिकेट करायला पाठवायचं घरात घाटतं आहे, त्यासाठी दोन एकर विकायची तयारी आहे, तर पैसे फिटतील का, असं त्यांनी विचारलं होतं. मी ओहायो राज्यात डेटनजवळच्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये, म्हणजे धातूचे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये, सीएनसी सेटर (कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं कामासाठी जुळवून देणारी) आहे आणि हेच सर्टिफिकेट इथल्या कॉलेजातून केलेलं आहे. मुळात मी बी.कॉम., त्यामुळे कुठलीही गोष्ट समोर आली की आधी जमा-खर्च डोक्यात येतो. तो मांडते.

लेखातली रक्कम खोटी नव्हती, हे आधी सांगते. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या मे २०२४ च्या आकड्यांप्रमाणे वेल्डरची मध्यम कमाई वर्षाला ५१ हजार डॉलर आणि मशीनिस्टची ५६ हजारांच्या आसपास होती. पण मध्यम म्हणजे निम्म्या लोकांना याहून कमी मिळतं, आणि या सगळ्यात वीस-वीस वर्षं हेच काम केलेलेही मोजलेले असतात. नुकतं शिकून बाहेर पडलेलं पोर त्या रांगेच्या खालच्या टोकाला उभं राहतं. तिथे ३८-४० हजार म्हणजे ठीक म्हणायचं.

शिवाय ५१ हजारांचे रुपये केले की महिन्याचे साडेतीन लाखांच्या वर होतात आणि वाचणाऱ्याचे डोळे विस्फारतात. इथे खर्चही डॉलरमध्येच होतो. एकट्या माणसाच्या एवढ्या पगारातून केंद्राचा आयकर, सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा सरकारी आरोग्यविमा) यांचे ७.६५ टक्के, राज्याचा कर आणि वर डेटन शहराचा अडीच टक्के कर गेला की महिन्याला ३,४०० डॉलरच्या आसपास हातात पडतात. तेही आरोग्यविम्याचा हप्ता जायच्या आधी. त्यानंतर घरभाडं, आणि गाडी. गाडी ही इथे चैन नव्हे. शॉप अशा आडबाजूला असतात की पहाटे सहाच्या शिफ्टला बसने पोचायचं म्हटलं तर पोचताच येणार नाही.

आता कॉलेजबद्दल. कम्युनिटी कॉलेजं ही मुख्यतः दोन वर्षांपर्यंतचे अभ्यासक्रम चालवणारी सरकारी कॉलेजं. पहिलं १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएटला निघालं. त्यांचा बराचसा भार राज्य सरकार आणि अनेक ठिकाणी त्या भागातले करदाते उचलतात, म्हणून तिथल्या रहिवाशांना फी कमी. २०२४-२५ मध्ये रहिवासी विद्यार्थ्याला पूर्ण वर्षाची सरासरी फी ४,०५० डॉलर होती. बाहेरच्या राज्यातून आलेल्याला जास्त, आणि परदेशातून येणाऱ्याला बहुतेक ठिकाणी दुप्पट-तिप्पट. आपल्या लेखात फीचा आकडा रहिवाशांचा होता आणि फोटो मात्र विमानतळावर बॅगा घेऊन उभ्या असलेल्या मुलाचा!

माझा स्वतःचा हिशेब असा. ग्रीन कार्ड हातात आलं तेव्हा चाळिशी उलटली होती आणि मी एका सुपरमार्केटच्या कॅश काउंटरवर तासाला १५ डॉलरवर उभी राहत होते. संध्याकाळच्या वर्गांना नाव घातलं. मोठ्या जाऊबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, शिकायचंच आहे तर कॉम्प्युटर शिक. लेथ काय शिकतेस, हात काळे करून घ्यायला?" कॉम्प्युटर शिकलेल्या मराठी माणसांची इथे काही वानवा नव्हती. तीस क्रेडिटचं, म्हणजे साधारण वर्षभराच्या अभ्यासाचं सर्टिफिकेट. ड्रॉइंग वाचणं, शॉपचं गणित (म्हणजे मुख्यतः त्रिकोणमिती, जी शाळेत पाठ करून पास झालो आणि विसरलो ती), मोजमाप, लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग आणि शेवटी सीएनसी व जी-कोड (त्या मशीनला हुकूम द्यायची भाषा). फी सगळी मिळून पाच हजार डॉलरच्या आसपास. शिवाय हजारभर डॉलरची हत्यारं : मायक्रोमीटर, सहा इंची कॅलिपर, डायल इंडिकेटर, एज फाइंडर, ते ठेवायची पेटी, पोलादी टोपीचे बूट. इथे मोजमापाची हत्यारं बहुतेक शॉपमध्ये ज्याची त्याने आणायची असतात. हा खर्च मला तरी एकाही माहितीपत्रकात दिसला नाही.

म्हणजे खर्च सहा हजार. पहिली नोकरी लागली तासाला १९ डॉलरवर. तासाला ४ डॉलर जास्त, वर्षाचे तास २,०८० धरतात, तेव्हा वर्षाला ८,३२० डॉलर. कर वगैरे जाऊन सहा हजारांच्या वर राहिले. वर्षात फी वसूल. इथपर्यंत वाचून कुणी पेटी भरायला घेईल, म्हणून पुढचं लिहिते.

मी दिवसाची नोकरी सोडली नव्हती. दिवसाच्या वर्गातला एक मुलगा गोदामातलं १५ डॉलरचंच काम सोडून वर्षभर पूर्णवेळ शिकला. फी तेवढीच, हत्यारं तीच, आणि नोकरीची सुरुवातही आमची एकाच दराने झाली. पण त्याचा वर्षाचा ३१ हजारांचा पगार बुडाला होता. त्याला भरून काढायचे होते ३७ हजार, आणि तेवढ्याच वाढीतून. ढोबळमानाने साडेचार वर्षं. फीकडे सगळे बघतात. बुडालेला पगार कुठल्याच पावतीवर छापलेला नसतो, म्हणून तो हिशेबात येत नाही.

उलट्या बाजूची उदाहरणंही त्याच वर्गात होती. एकटीने दोन मुलं वाढवणारी एक बाई होती, तिची सगळी फी कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्राच्या पेल अनुदानातून गेली. हे अनुदान २०२४-२५ मध्ये जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होतं आणि ते परत करावं लागत नाही. (परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही.) दोघे-तिघे आधीच कुठल्या ना कुठल्या शॉपमध्ये कामाला होते आणि त्यांची फी मालक भरत होते. मालकाने वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत शिक्षणाचा खर्च दिला तर कामगाराला त्यावर आयकर लागत नाही, म्हणून बऱ्याच मध्यम आकाराच्या कंपन्या हे करतात. या लोकांना सर्टिफिकेट फुकट पडलं आणि बढती वर. आणि आमच्याच शॉपमध्ये नंतर आलेला एक जण एका खाजगी, नफ्यावर चालणाऱ्या ट्रेड स्कूलमधून शिकला होता. अभ्यासक्रम जवळजवळ तोच. त्याच्या डोक्यावर वीस हजारांहून जास्त कर्ज. मालकाने त्यालाही १९ डॉलरच दिले.

मालक सर्टिफिकेट कसं बघतात, तेही सांगते. मुलाखतीला मी ते फोल्डरमध्ये घालून नेलं होतं. ते फोल्डरमध्येच राहिलं. मालकांनी विचारलं, "काय काय बनवलंस?" मी पर्समधून माझा वन-टू-थ्री ब्लॉक काढून टेबलावर ठेवला. एक इंच जाड, दोन इंच रुंद, तीन इंच लांब असा पोलादी ठोकळा. त्याला भोकं पाडायची, हार्डन करायचा आणि सहाही बाजू ग्राइंड करून एकमेकींशी अगदी काटकोनात आणायच्या. इथल्या वर्गांत हा नेहमीचा जॉब आहे. त्यांनी खिशातून स्वतःचा मायक्रोमीटर काढला, चारही कोपऱ्यांवर लावून बघितला, काही बोलले नाहीत. मग अंगठ्याचं नख कडांवरून फिरवलं. कडा मारलेल्या आहेत की बर (कापताना कडेला राहिलेली धारदार कोर) तसाच आहे, ते बघत होते. मग एक ड्रॉइंग पुढे सरकवलं : "यातली पहिली कुठली बाजू घेशील? आणि पकडशील कुठे?" त्यावर वीसेक मिनिटं बोलणं झालं आणि सोमवारी ये म्हणाले.

त्या ठोकळ्यापर्यंत मला कॉलेजनेच आणलं, यात वाद नाही. ग्राइंडिंग मशीन मी घरी कुठून आणणार होते! पण त्यापुढचं कॉलेजात नव्हतं. शॉपमध्ये माझ्या शेजारच्या मशीनवर एक जुने मशीनिस्ट होते, निवृत्तीला आलेले. ॲल्युमिनियमचे जॉब चालले होते, व्यास चार इंच, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी चूक, अर्धा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). मशीनमधून पहिला जॉब काढून मी मायक्रोमीटर लावणार तेवढ्यात त्यांनी हात आडवा धरला. जॉब उचलून ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर (मापासाठीच्या सपाट फरशीवर) ठेवला आणि कॉफी आणायला गेले. सावकाश परत आले आणि म्हणाले, "आता माप." गरम ॲल्युमिनियम फुगलेलं असतं. चार इंचांच्या जॉबमध्ये आणि खोलीच्या हवेत वीस अंश फॅरनहाइटचा फरक असला तर माप थाऊभर जास्त दाखवतं, म्हणजे टॉलरन्सच्या दुप्पट. गरम असताना बरोबर भरलेली सगळी थप्पी गार झाल्यावर भंगारात. प्रसरणाचा गुणांक कॉलेजच्या पुस्तकात तक्त्यात होता, परीक्षेत त्यावर प्रश्नही आला होता. पण कॉफीला जाऊन यायचं असतं, हे तक्त्यात नव्हतं.

अशा गोष्टी अंगवळणी पडल्या, ऑपरेटरची सेटर झाले, तेव्हा १९ चे २४ झाले आणि आता २९ आहेत. वर्षाचे साठ हजार, ओव्हरटाइम वेगळा. आठवड्याला चाळीस तासांच्या वर दीडपट. मात्र हे सगळे २९ डॉलर सर्टिफिकेटच्या खात्यावर जमा करणं मला पटत नाही. आमच्याच शॉपमध्ये एक जण शाळा संपवून सरळ आला. साडेसोळा डॉलरवर सुरुवात, पहिले काही महिने बार कापायचे आणि चिप्स, म्हणजे धातूचा कीस, झाडायच्या. तीन वर्षांत त्याचा दर माझ्या दराला येऊन भिडला. म्हणजे सर्टिफिकेटची खरी कमाई काय? त्या तीन वर्षांतला फरक. तो कमी कमी होत गेला, सरासरी तासाला दीड डॉलर धरा. नऊ हजारांच्या थोडे वर. त्यातून सहा हजार खर्च वजा करा. शिल्लक तीन हजार, तीन वर्षांत.

हे फक्त माझ्या शॉपचं नाही. केंटकी राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांच्या विद्यार्थ्यांच्या कमाईचा एक मोठा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सगळे विषय धरून छोट्या सर्टिफिकेटने तिमाहीला सुमारे ३०० डॉलरच कमाई वाढलेली दिसली. त्याहून लांबीच्या डिप्लोमाला आणि दोन वर्षांच्या पदवीला पुरुषांमध्ये सुमारे १,५०० आणि स्त्रियांमध्ये त्याहूनही जास्त. सर्व विषयांची सरासरी आहे, धातुकामाचा वेगळा आकडा नाही. तरी अंदाज येतो.

मग मी केलं ते वाया गेलं का? तो शाळेतून आलेला मुलगा अठराचा होता आणि त्याचे काका त्याच शॉपमध्ये होते. मी चाळिशीतली बाई, बी.कॉम., उच्चार परके, आयुष्यात पाना हातात धरलेला नाही. मला साडेसोळावर चिप्स झाडायलासुद्धा कुणी घेतलं नसतं. माझ्याकरता तुलना काउंटरवरच्या १५ डॉलरशीच आहे आणि त्या हिशेबात ते सहा हजार मी आयुष्यात सगळ्यात चांगले गुंतवलेले पैसे आहेत. ज्याला शॉपमध्ये तसाही प्रवेश मिळाला असता त्याला सर्टिफिकेटमधून थोडंच मिळतं. ज्याला मिळालाच नसता, त्याला सगळं. आणि ज्याच्यापुढे अप्रेंटिसशिपचा मार्ग आहे, त्याने तर सर्टिफिकेटवर स्वतःचा पैसा घालूच नये. १९३७ च्या कायद्याखाली इथे नोंदणीकृत अप्रेंटिसशिप चालते; मशीनिस्टची साधारण चार वर्षं, आठ हजार तास, पहिल्या दिवसापासून पगार आणि वर्गाची फी बहुधा मालकाकडे. जागा थोड्या असतात, एवढीच अडचण.

वेल्डिंगचा माझा अनुभव वर्गातल्या मैत्रिणींपुरता. पण तिथे कागदाला आणखी कमी किंमत आहे. कॉलेजचं सर्टिफिकेट असो नसो, कामावर घेण्याआधी फोरमन प्लेट देतो आणि जोडायला लावतो. मग त्या जोडाच्या पट्ट्या कापून त्या इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवतात. बाहेरच्या अंगाला एक सुतापेक्षा, म्हणजे अष्टमांश इंचापेक्षा मोठी फट उघडली तर त्या दिवशी घरी. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या डी१.१ या पोलादी बांधकामाच्या नियमावलीतली ही मर्यादा. आणि पास झालेला वेल्डर सहा महिने ती पद्धत वापरत नसेल तर त्याची पात्रता संपते. कॉलेजातल्या वर्षाचा उपयोग इतकाच की दुसऱ्याच्या खर्चाने रॉड जाळायला मिळतात. तो उपयोग लहान नाही. घरी सराव करायचा तर मशीन, रॉड, गॅस, प्लेटा यांतच फीएवढे पैसे जातील.

आता मूळ प्रश्न, आणि त्याचं उत्तर माझ्या शॉपमध्ये नाही, व्हिसाच्या कायद्यात आहे. वर मांडलेल्या प्रत्येक हिशेबात एक गोष्ट गृहीत आहे : शिकल्यावर इथे काम करायची परवानगी. ती मला होती. त्या पुतण्याला नसेल. अशा हातकामाच्या अभ्यासक्रमाला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला साधारणतः एम-१ हा व्यवसाय-शिक्षणाचा व्हिसा मिळतो. त्यावर शिकत असताना नोकरी करता येत नाही. शिकून झाल्यावर चार महिन्यांच्या शिक्षणाला एक महिना या प्रमाणात प्रशिक्षणासाठी काम करता येतं, जास्तीत जास्त सहा महिने. वर्षभर शिकलेल्याला तीन महिने मिळाले. तीन महिने १९ डॉलरने काम केलं तर कर कापायच्या आधी दहा हजार डॉलरही होत नाहीत, आणि त्यासाठी परदेशी दराची फी, वर्षभराचं राहणं-खाणं, विमा आणि विमानभाडं आधी गेलेलं. एम-१ वरून इथल्या इथे एफ-१ या नेहमीच्या विद्यार्थी-व्हिसावर जाता येत नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी पदवीच्या दर्जाचं काम लागतं, मशीनिस्टचं काम त्यात बसत नाही. मालकाने कुशल कामगार म्हणून ग्रीन कार्डला नाव घालायचं ठरवलं, तर त्यासाठी निदान दोन वर्षांचं प्रशिक्षण वा अनुभव हवा, आणि भारतात जन्मलेल्यांची त्या वर्गातली रांग दहा वर्षांहून जास्त आहे. रांगेत उभं असताना इथे राहायला मिळतं, असंही नाही.

तेव्हा त्या गृहस्थांना माझं सांगणं की शेत विकून या सर्टिफिकेटचे पैसे फिटणार नाहीत. मुलगा कितीही हुशार असला तरी फिटणार नाहीत, कारण फेडायला वेळच दिलेला नाही. एजंट समोर बसला असेल तर त्याच्याकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात : कॉलेज कुठल्या व्हिसाची कागदपत्रं देणार, परदेशी विद्यार्थ्याची फी किती, आणि शिक्षण संपल्यावर किती महिने काम करता येईल. मुलाला हातकाम खरंच आवडत असेल, तर ती गोड गोष्ट आहे. आपल्याकडच्या आयटीआयमधून टर्नर, मशीनिस्ट किंवा वेल्डर करून १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात चिकटावं. तिथे निदान विद्यावेतन तरी मिळतं. जी-कोड दोन्हीकडे एकच आहे.

पुरवणीत हा विषय पुन्हा येणार असेल तर एक विनंती. पगाराची चौकट छापाल तेव्हा शेजारी व्हिसाची चौकटही छापा, आणि फीचा आकडा देताना तो कोणाला लागू आहे ते त्याच ओळीत द्या.

आपली,
एक वाचक, डेटन, ओहायो

(नाव व पत्ता संपादकांच्या माहितीसाठी सोबत दिला आहे, प्रसिद्ध करू नये.)